तांबडीच्या बदल्यात

"किल्ल्या टाका," हेरवाडे डॉक्टर म्हणाले आणि मिसळीची रिकामी परात त्यांनी टेबलाच्या मधोमध सरकवली.

गगनबावड्याच्या त्या हॉटेलात सकाळी आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. जानेवारीचं धुकं विरत चाललं होतं आणि पत्र्याच्या शेडसमोर आमच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एस.टी.तून उतरणारी माणसं आधी गाड्यांकडं बघायची, मग आमच्याकडं. आमच्याकडं बघताना आदर जरा कमीच व्हायचा.

कोल्हापुरात चार माणसं एकत्र आली की तालीम निघते. आमची होती ‘दोन दारी तालीम’. ज्याच्या गाडीला दोनच दारं आहेत आणि जी घ्यायची काहीच गरज नव्हती असं घरच्यांचं मत आहे, तो आमचा सभासद. रविवारी पहाटे निघायचं, कुठंतरी नाश्ता करायचा आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकापुढं देवाचं नाव घेऊन गाडी तिरकी घालायची. एखाद्याचं पोट घासलं की अख्खी रांग कळवळायची. वर्षातून एकदा मात्र लांबचा बेत असायचा. गगनबावड्याला मिसळ, मग करूळ घाट उतरून मालवणात मासे. आणि घाटाला लागण्याआधी बदली.

गाडीवेड्या माणसाला एक प्रश्न विचारून तासन् तास बोलतं ठेवता येतं. तुझी देऊन कुठली घेशील? सुरुवातीला आमच्यातही हा खेळ नुसता तोंडचा होता. कुणी फेरारी मागायचा, कुणी लॅम्बोर्गिनी, आणि मिसळीचा कट संपेपर्यंत इटलीतले निम्मे कारखाने रिकामे व्हायचे. मग एका वर्षी नलवडे आबा वैतागले.

"फोटोतली गाडी कुणीबी चालवील," ते म्हणाले. "समोर उभ्या आहेत त्यातली सांगा. आणि सांगितली तर घ्या की! स्वतःची देऊन घ्या."

तेव्हापासून नियम ठरला. उभ्या असलेल्या गाड्यांतली एक मागायची. तिचा मालक ‘घे’ म्हणाला की किल्ल्यांची अदलाबदल, ती पुढच्या रविवारपर्यंत. आणि डावी सीट गाडीबरोबर जायची. म्हणजे शेजारी जे कुणी बसून आलं असेल, त्यानं जागचं हलायचं नाही. प्रत्येक गाडीच्या काही खोडी असतात, आणि चालवणाऱ्यापेक्षा शेजारच्याला त्या जास्त ठाऊक असतात, असं आबांचं म्हणणं. बहुतेक जण यात बायकांची सोबत गमावून बसायचे आणि दुःख झाल्यासारखं दाखवायचे.

आबांची गाडी कुणी कधी मागितली नव्हती. ती त्यांनी स्वतः बांधली होती, ऐन तरुणपणी, उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये. इंजिन जुन्या फियाटचं, पत्रा एस.टी.च्या बॉड्या ठोकणाऱ्या एका मिस्त्रीनं हातानं ठोकलेला, छप्पर नाही, रंग लालभडक. तिचं नाव तांबडी. माझी पोर्शे पांढरी, त्यामुळं आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की कुणीतरी ‘तांबडा-पांढरा आला, भाकरी आणा’ म्हणायचंच. तांबडीचं स्टिअरिंग वळवायला पैलवानाचे दंड लागत. आबांचे होतेही. आणि बदलीत दरवर्षी त्यांचं एकच उत्तर, "माझी मला बरी."

त्यांच्या शेजारी कायम त्यांची बायको, सुलोचनाकाकी. काकींचं तोंड गाडीत बसल्यापासून जे सुरू व्हायचं ते उतरेपर्यंत थांबत नसे. छप्पर नसल्यामुळं सगळ्यांना ऐकू यायचं. ती म्हैस बघा, तो पोरगा बघा, पुढं टेम्पो उभा आहे. आबांच्या गाडीत रेडिओ का नाही, तर गरजच नाही, असं हेरवाडे म्हणायचे आणि सगळ्यात आधी काकीच हसायच्या.

पण त्या वर्षी आम्हाला हसू येत नव्हतं. महिन्याभरापूर्वी आबांनी रंकाळ्याजवळ एका दूधवाल्याला उडवलं होतं. काकी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, आबा एकटेच निघाले होते. दूधवाला वाचला, नुसतं खरचटलं. दुधाचे कॅन मात्र रस्त्यावर आडवे झाले. ‘सूर्य डोळ्यावर आला,’ असं आबांनी सांगितलं. हेरवाडे मागून येत होते. सूर्य आबांच्या पाठीमागं होता, हे त्यांनी मला त्याच दुपारी दवाखान्यात बोलावून सांगितलं.

"पुढच्या वेळी कॅन नसतील, माणूस असेल," ते म्हणाले. "नाहीतर आबा स्वतः. त्यांना गाडीतून उतरवलं पाहिजे."

"मग सांगा की तुम्ही."

"मी? तू सांग. तुझ्यावर जीव आहे त्यांचा."

जीव होता, म्हणूनच सांगता येत नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. आमचं फौंड्रीचं काम आणि आबांचं वर्कशॉप यांचा जुना संबंध, तेवढ्यावर या माणसानं मला धंद्याचं अथपासून इतिपर्यंत शिकवलं, आणि घाटात गाडी कशी उतरवायची तेही. आमच्या तालमीचे ते वस्ताद. वस्तादाला आखाडा सोडा म्हणायचं कुणी?

तेव्हा युक्ती निघाली ती हेरवाड्यांच्या डोक्यातून. बदलीत मी तांबडी मागायची. आबा मला नाही म्हणणार नाहीत. एकदा गाडी हातात आली की ती माझ्या शेडमध्ये न्यायची आणि ब्रेकचं काम काढलंय, पार्ट मिळेना, असं करत करत वर्ष काढायचं. कुणी कुणाला दुखवायचं नाही. आम्ही दोघं त्या योजनेवर इतके खूश होतो की डॉक्टरांनी चहा मागवला.

परातीत किल्ल्या पडल्या. पहिल्या दोघा-तिघांची बदली झाली, आरडाओरडा झाला. माझी पाळी आली.

"शैलू, तुला कुठली?" हेरवाडे माझ्याकडं न बघता म्हणाले.

"तांबडी," मी म्हणालो.

कुणीतरी शिट्टी मारली. आबांनी मान जराशी कलती करून माझ्याकडं बघितलं. हल्ली ते तसंच बघायचे, एका बाजूनं, कोंबडी दाण्याकडं बघते तसं. शेवटी मिशीवरून हात फिरवला.

"घे," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी हेरवाड्यांकडं बघून डोळा मारणार, तोच आबांनी परातीत हात घालून माझ्या पोर्शेची किल्ली उचलली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! अदलाबदल म्हणजे घेणं आणि देणं. एक शिकलेला डॉक्टर आणि एक कारखानदार, दोघांनी महिनाभर डोकं लढवलं आणि यातला दुसरा शब्द आम्ही साफ विसरलो होतो. ज्या माणसाला आम्ही चाळीस वर्षांच्या खटाऱ्यातून उतरवायला निघालो होतो, त्याच्या हातात आम्ही कोल्हापुरातली सगळ्यात जोरात पळणारी गाडी दिली होती. आणि ती घाटाच्या तोंडावर.

"मी ह्यांच्याबरोबर बसते," काकी घाईघाईनं म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"डावी सीट हलत नसती," आबा म्हणाले. "नियम कुणी केला? मीच केला न्हवं? बस जाऊन तांबडीत. शैलूला खोडी सांग तिच्या."

"अहो, पण..."

"बस म्हटलं की."

माझी बायको पल्लवी माहेरी गेली होती, त्यामुळं पोर्शेची डावी सीट रिकामी होती. आबा एकटेच आत बसले. गिअर कसा टाकायचा ते त्यांनी एकदा विचारून घेतलं. बाकीचे निघून गेले. तांबडी थंडीत सुरू व्हायला वेळ घेते, आम्ही मागं राहिलो. हेरवाडे जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटले, "आता काय रे?" आणि उत्तराची वाट न बघता सटकले.

"तू हो पुढं," आबा खिडकीतून म्हणाले. "माझ्या गाडीचा आवाज ऐकत येतो मी."

आपल्या गाडीची काळजी, मला वाटलं.

पहिलं वळण येईपर्यंत काकी बोलल्या नाहीत. पदर कमरेला खोचून, मागं वळून त्या पोर्शेकडं बघत होत्या. मी स्टिअरिंगशी झटत होतो. ते खरोखरच दगडासारखं होतं.

"शैलू, हळू. लांब जाऊ नको त्यांच्यापासून."

"काकी, ते येतील. त्यांनी मला शिकवलंय."

"त्यांना दिसत नाही रे."

मी आरशात बघितलं. पांढरी गाडी आमच्या मागं, जरा जास्तच जवळ.

"दिसत नाही म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. माझं तोंड दिसत नाही म्हणतात, कानातल्या कुड्या दिसतात. मिरजेला दाखवलं. आहे तेवढं टिकलं तर नशीब, म्हणाले डॉक्टर."

"आणि तरीही गाडी चालवतात?"

"मी सांगते ना! म्हैस आली, टेम्पो आला, डावं वळण आलं, सगळं सांगते मी. तुम्हाला वाटतं म्हातारी बडबड करते."

दोन वर्षं आम्ही सगळे त्या बडबडीला हसत होतो. दूधवाल्याच्या दिवशी काकी गाडीत नव्हत्या. आणि आज, आमच्या अतिशहाणपणानं, पुन्हा नव्हत्या.

"थांबतो मी. थांबवतो त्यांना," मी म्हणालो आणि ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नको!" काकींनी माझं मनगट धरलं. "गाडी उभी आहे का चालती आहे ते कळत नाही त्यांना पटकन. येऊन आदळतील, नाहीतर बाजूनं काढतील. आणि बाजूला काय आहे बघ."

बाजूला दरी होती.

"मग?"

"लाल रंग दिसतो त्यांना. एवढा मोठा लाल डाग पुढं असला की त्याच्या मागनं येतील. तू फक्त सावकाश चल."

मी सावकाश चाललो. आयुष्यात इतकी सावकाश गाडी मी कधी चालवली नसेल. वळण येण्याच्या कितीतरी आधी वेग कमी करायचा, रस्त्याच्या अगदी बरोबर मधून काढायची, पुन्हा सरळ. काकींना राहवेना. त्या माझ्या हाताखालून हात घालून हॉर्नचा रबरी फुगा दाबायला लागल्या. डावं वळण आलं की एकदा, उजवं आलं की दोनदा. असं काही त्यांचं आधी ठरलेलं नव्हतं, त्यांनी तिथंच ठरवलं. तिसऱ्या की चौथ्या वळणाला मागून पोर्शेचा हॉर्न वाजला. एकदा.

"कळलं त्यांना," काकी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा फुग्यावर हात ठेवला.

मधल्या एका अवघड वळणावर खालून एस.टी. आली. काकी त्या उघड्या गाडीत उभ्याच राहिल्या, एका हातानं काच धरली आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला थांबायची खूण करायला लागल्या. त्यानं काय समजायचं ते समजून बस डोंगराला लावली. आम्ही गेलो. मी आरशाकडं बघत राहिलो. पांढरी गाडी बसच्या अंगाला चाटून जाते की काय असं वाटलं, पण गेली.

"तुम्ही त्यांना सोडायला का नाही लावली गाडी?" मी विचारलं. खरं तर मला राग आला होता. "दोन वर्षं, काकी! कुणाचा जीव गेला असता."

"माहीत आहे मला." त्या पुढच्या वळणाकडं बघत होत्या. फुगा एकदा दाबला. "रोज ठरवायची, आज सांगते. पण रविवार उजाडला की पहाटे उठून अंघोळ करून, टोपी घालून बसायचे. ती टोपी काढून घ्यायची कशी? आणि खोटं कशाला बोलू? मलाही आवडायला लागलं होतं. जन्मभर शेजारी बसून पाण्याची बाटली दिली. ह्या दोन वर्षांत गाडी आम्ही दोघं मिळून चालवत होतो."

मी वेग आणखी कमी केला. 

घाट संपला. सपाटीला एक चहाची टपरी होती, तिथं रस्त्याकडेला ऐसपैस जागा होती. मी अगदी अलगद कडेला गेलो. पांढरी गाडी मागून आली, रेंगाळली आणि तांबडीच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली.

आबा खाली उतरले. थंडीत त्यांचा शर्ट घामानं चिंब झाला होता. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"हॉर्न कोण वाजवत होतं?"

"मी," काकी म्हणाल्या.

"दोनदा उशीर केलास."

"तुमचं नशीब, दोनदाच केला."

माझा बांध तिथं फुटला. "आबा, तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही घे म्हणालात? काही झालं असतं म्हणजे?"

"ओरडू नको, कान चांगले आहेत माझे." ते टपरीच्या बाकावर बसले. "तुला तांबडी कशाला पाहिजे होती, शैलू? दंड मोडतात तुझे तिच्यावर. तू गाडी मागायला नाही आलास. मला उतरवायला आलास."

"हो," मी म्हणालो.

"मग तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर उतरला असता?"

त्यांनी विचार केला. "न्हाई," ते म्हणाले.

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. काकींनी पेला आबांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं पेल्याभोवती नीट बसेपर्यंत आपला हात काढला नाही. हेही त्या आमच्यासमोर नेहमी करत असणार. मी कधी बघितलं नव्हतं.

"मग घे का म्हणालात?" मी विचारलं.

"एकदा हिच्याशिवाय उतरून बघायचं होतं. जमतंय का." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ही सांगते म्हणून येतंय, का अजून माझं मला येतंय, तेच कळेना झालतं."

"आणि?"

"न्हाई जमत. पहिल्याच वळणाला कळलं. डावीकडं दरी का डोंगर, तेच समजंना. भ्यालो लेका मी. ह्या घाटात आजवर कधी भ्यालो नव्हतो. मग पुढनं हॉर्न ऐकू आला."

आबा रडत नव्हते, पण मला गलबलून आलं, ते मी चहा ढवळण्यात लपवलं. चहात साखर आधीच होती.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून पोर्शेची किल्ली काढली. मला वाटलं, परत देणार. मी हात पुढं केला. त्यांनी ती काकींच्या पदरात टाकली.

"ह्या गाडीला क्लच नाही. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. तांबडी तुला कधी वळवता आली नाही, ही येईल."

काकी घरची छोटी गाडी घेऊन रोज मंडईत जायच्या, हे मला माहीत होतं. पण मंडई वेगळी आणि ही वेगळी.

"मी? शैलूची गाडी?"

"रविवारपर्यंत आपली आहे. तेवढ्यात आपल्याला असली बिनक्लचची दुसरी बघू. चार दारांची असली तरी चालंल, तालमीतनं काढलं तर काढू देत."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. आबा मान कलती करून. ती गाडी घेऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. तिच्यावर पल्लवीला सुद्धा मी हात ठेवू दिला नव्हता, आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं होतं.

"सीट पुढं घ्यावी लागेल, काकी," मी म्हणालो. "या, दाखवतो."

काकींनी पदर खोचला, चपला काढून मागं ठेवल्या आणि अनवाणी पायानं पेडल चाचपले. आबा दुसऱ्या बाजूनं गेले. दाराची कड हातानं शोधत, वाकून, ते डाव्या सीटवर बसले. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना. काकींनी वाकून लावून दिला. मग माझी गाडी गचका न देता, एखाद्या शहाण्या मुलीसारखी रस्त्याला लागली.

मी तांबडी घेऊन मागून निघालो. काकी बैलगाडीच्या वेगानं चालवत होत्या. सायकलवाले त्यांना मागं टाकत होते. मागच्या काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती, आणि वाटभर दोघंही काहीतरी बोलत होती. कधी आबांचं डोकं हलायचं, कधी काकींचा एक हात स्टिअरिंगवरून उठून खिडकीकडं जायचा आणि घाईनं परत यायचा.

मालवणात पोहोचेपर्यंत बाकीच्यांचे मासे खाऊन झाले होते. पोर्शेतून काकींना उतरताना बघून हेरवाड्यांच्या हातातली सोलकढीची वाटी कलंडली. आबांनी सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच सांगितलं, की डोळे गेलेत, आजपासून मी चालवणार नाही. हेरवाड्यांनी उठून त्यांना वाकून नमस्कार केला आणि तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले.

मी आणि काकी शेवटी जेवायला बसलो. आबा दाराशी खुर्ची टाकून वारं घेत होते.

"बरी चालवलीत," मी म्हणालो. "पण एवढं काय बोलत होता दोघं? आता तर सांगायचं काही कारण नव्हतं."

"तेच म्हटलं मी त्यांना. मी चालवतेय, आता तुम्हाला कशाला सांगू, मुकाट्यानं बसा." काकी माशाचा काटा काढत होत्या. "तर म्हणाले, रस्ता नको सांगू. दुसरं काय आहे ते सांग."

"मग?"

"मग सांगितलं. काजूला मोहोर आलाय, पोरं क्रिकेट खेळतायत, एका घरापुढं लग्नाचा मांडव आहे. एक बाई पाट्यावर वाटण वाटत होती, तीसुद्धा सांगितली." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि दाराकडं बघितलं. "दोन वर्षं मी त्यांना नुसता रस्ताच सांगत होते रे. बाकीचं सगळं राहूनच गेलं होतं."